वयात आलेल्या मुलांचे आईबाप

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या आईबापांसाठी आज शाळांत व्याख्याने होतात, समुपदेशक असतात, मासिकांतून सल्ले छापून येतात. हे सारे इतक्या उशिरा का सुरू झाले, असे विचारले की आपला समाज संकोची, हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. संकोचाच्या आधीची अडचण अशी की एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा महाराष्ट्रात वयात आलेल्या मुलीला सांभाळणारे आईबाप फारसे नव्हतेच. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी सासरी आल्या. पुढे त्यांना शिकवले नवऱ्याने आणि अडवले घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या आणि चौदाव्या वर्षी आई झाल्या. ते मूल दहाच दिवस जगले. ज्या वयाची आजच्या पालकांना धास्ती वाटते, ते वय मुली परक्या घरात काढत होत्या. मुलगे शिकायला पुण्याला जाऊन वार लावून जेवत, आणि त्यांतल्याही कितीएकांची लग्ने झालेली असत.

यावर कोणी म्हणेल, आजी, आत्या, वहिनी होत्या, न्हाण साजरे होई, म्हणजे माहिती आणि आधार देणारी व्यवस्था होतीच. आधार होता, हे मान्य करावे लागेल. आजच्या दोन खोल्यांतल्या एकट्या आईला तो मिळत नाही. पण मखरात बसवलेल्या मुलीला तिच्या शरीरात काय घडते आहे हे त्या सोहळ्यातून कळत नसे. ती गर्भाधानाला योग्य झाली, एवढे मात्र साऱ्या आळीला कळे. आणि त्यापुढचा निर्णय सासरच्यांचा.

म्हणून रखमाबाईंचा खटला मला विवाहसुधारणेच्या इतिहासाइतकाच पालकपणाच्या इतिहासातलाही वाटतो. अकराव्या वर्षी लग्न होऊनही ही मुलगी माहेरीच वाढली, कारण तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे डॉक्टर होते आणि कोवळ्या वयातला संसार शरीराचे काय करतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तिला पाठवले नाही, घरी वाचू दिले, आणि तिने नांदायला जायचे नाही असे ठरवल्यावर ते तिच्या बाजूने उभे राहिले. ते १८८५ साली वारले. दोन वर्षांनी, नवऱ्याने लावलेल्या दाव्यात, न्यायालयाने त्याच्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निवाडा दिला. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. वयात आलेल्या मुलीचा बाप म्हणून वागायला शास्त्रीय माहिती लागते, ही गोष्ट इथे पहिल्यांदा लख्ख दिसते. सखाराम अर्जुनांकडे ती होती, कारण त्यांचा पेशाच तो. इतर बापांना ती देणार कोण?

पुढे कायद्याने आईबापांच्या पदरात ही वर्षे टाकली, पण थोडी थोडी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचे बारा केले, तेही टिळकांसारख्यांचा कडवा विरोध पत्करून. शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर लोकांनी त्याआधीच लग्ने उरकण्याची घाई केली आणि १९३१ च्या जनगणनेत बालवधूंची संख्या फुगलेली दिसली. तेव्हा कायद्याने समाज बदलला, असा दावा करण्यात अर्थ नाही. माझ्या मते जास्त काम शाळांनी केले. मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ ची. मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकायची तर ती घरी राहणार, हे हळूहळू अंगवळणी पडले.

मग मात्र माहितीची गरज उघडी पडली, आणि ती भागवायला निघालेल्या माणसाचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताची प्राध्यापकी सोडली आणि १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. हस्तमैथुनाने माणूस खंगतो, असे चांगले शिकलेले लोकही मानत होते त्या काळात कर्वे कोरडेपणाने शास्त्र सांगत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयांना वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही तर करायचे काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

अशा उत्तरांनी कोवळी मुले बिघडतील, हा आक्षेप टाकाऊ नव्हता. मासिक कोणाच्याही हाती पडू शकत होते. पण त्यावरचा उपाय म्हणजे आधी आईबापांना शहाणे करणे, आणि तेच राहून गेले. मुलांना काय सांगायचे ते घरचे पाहतील, असे म्हणणाऱ्यांनी घरच्यांना कोणी सांगितले याचा विचार केला नाही. २००७ साली किशोरवयीनांसाठीचा केंद्राचा शिक्षणकार्यक्रम महाराष्ट्रात थांबवला गेला तेव्हाही संस्कृतीचा आणि घराचाच हवाला दिला गेला. गडचिरोलीच्या ‘सर्च’मध्ये डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरे उभी केली, तीही सरकारी शाळेच्या चौकटीबाहेर.

दरम्यान कायदा पुढे गेला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीची शरीरसंबंधाला दिलेली संमती अमान्य ठरवली आणि गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा केला. अत्याचार दडपले जाऊ नयेत म्हणून ते आवश्यक होते. पण सोळा वर्षांच्या गरोदर मुलीला घेऊन दवाखान्यात आलेल्या आईला सल्ल्याआधी पोलीस चौकी दिसू लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यात थोडी वाट काढली: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव सांगण्याची गरज नाही.