‘पाकीजा’च्या श्रेयनामावलीतला जर्मन

आमच्या घरी टीव्हीवर ‘पाकीजा’ लागला की श्रेयनामावली संपेपर्यंत अम्मी कुणाला बोलू देत नसे. मीनाकुमारी, कमाल अमरोही, गुलाम मोहम्मद ही नावे आम्हाला पाठ होती. त्यांत एक परके नाव यायचे : जोसेफ विर्शिंग, छायाचित्रण. हा कोण, असे मी विचारले की ‘असेल कुणी गोरा,’ एवढेच उत्तर मिळे.

या गोऱ्याचा जन्म १९०३चा, म्युनिकचा. १९२५ साली तिथल्या एमेल्का कंपनीने हिमांशु राय यांच्याबरोबर गौतम बुद्धांवर ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या चमूतून हा तरुण कॅमेरा घेऊन हिंदुस्थानात आला. मूकपटाच्या कॅमेरामनला संवादाचा आधार नसतो. भीती, लाज, ताटातूट हे सारे चेहऱ्यावर उजेड कुठून पाडायचा आणि अंधार किती ठेवायचा, यातून दाखवावे लागते. विर्शिंग यांची तालीम अशी झाली.

१९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. ऑस्टेन आणि विर्शिंग तिथे कामाला आले. १९३६चा ‘अछूत कन्या’ ही अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाची गोष्ट. त्याचे संगीत पारशी घरातल्या सरस्वतीदेवींचे, तर दिग्दर्शन आणि कॅमेरा या दोघा जर्मनांचा.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि स्टुडिओतले जर्मन इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुदेशाचे नागरिक ठरले. ऑस्टेन १९३६ साली नाझी पक्षाचे सदस्य झाले होते, तेव्हा सरकारची शंका अगदीच हवेतली नव्हती. पण पकडताना माणूस पाहिला गेला नाही, पासपोर्ट पाहिला गेला. ऑस्टेन पुढे मायदेशी परतले. विर्शिंग यांना मात्र युद्धकाळात इथल्याच छावण्यांत नजरकैदेत राहावे लागले. नावावरून माणसाची निष्ठा ठरवली जाते तेव्हा काय वाटते, हे आमच्यासारख्यांना समजावून सांगावे लागत नाही.

सुटल्यावर ते जर्मनीत जाऊन स्थायिक होऊ शकले असते. ते इथेच राहिले. १९४९ मध्ये त्यांनी कमाल अमरोहींचा पहिला चित्रपट ‘महल’ चित्रित केला. त्या ओसाड हवेलीतले अंधार आणि त्यातून मध्येच उजळणारा मधुबालाचा चेहरा पाहताना मूकपटातली तालीम ओळखू येते. पुढे ‘पाकीजा’साठीही अमरोहींनी त्यांनाच घेतले. ज्या चित्रपटाला आम्ही आमच्या तहजीबचा आरसा म्हणतो, त्यातला कोठा, झुंबरे, कारंजी यांच्याकडे पाहणारी नजर म्युनिकच्या माणसाची होती. ती उसनी वाटत नाही, कारण तोवर त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य याच देशाशी बांधले गेले होते.

‘पाकीजा’ रखडला. १९६७ मध्ये विर्शिंग वारले, पुढच्या वर्षी गुलाम मोहम्मद गेले. उरलेले चित्रण इतरांनी पुरे केले आणि चित्रपट १९७२च्या फेब्रुवारीत लागला. मार्चअखेरीस मीनाकुमारीही गेली.

हे सारे मी अम्मीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे बिचाऱ्याने पिक्चर पाहिलाच नाही?’