तीस रुपयांचा गणक

सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनांत माणसें कोणत्या अटींवर नेमावीं, हा प्रश्न हल्लींच्या नियमपुस्तकांनींच प्रथम उपस्थित केला, असें नाहीं. हिंदुस्थानांत तो कंपनी सरकारच्या अमदानींतच उभा राहिला होता. १८०२ सालीं लॅम्ब्टननें मद्रासेजवळ पायारेषा मोजून जें त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिलें, त्याचा खर्च तिजोरींतून होत असे.

कोन मोजणारे अधिकारी बहुतेक लष्करांतले. परंतु नुसता कोन मोजून उंची निघत नाहीं. पृथ्वीचा बाक, हवेंतून येतांना किरणास पडणारी वांक, या सर्वांचा हिशेब व्हावा तेव्हां आंकडा हातीं येतो. हा हिशेब करणारास 'कॉम्प्युटर' म्हणत. आज तो शब्द यंत्राचा झाला आहे. त्या काळीं तो एक हुद्दा होता, आणि तोही खालचा. १८३१ सालीं जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजांतील अठरा वर्षांचे विद्यार्थी राधानाथ शिकदार यांस दरमहा ३० रुपयांवर या हुद्द्यावर घेतलें.

एव्हरेस्टसाहेब त्यांची योग्यता जाणून होते. परंतु गुणज्ञता निराळी आणि न्याय निराळा. राधानाथांनीं डेप्युटी कलेक्टरच्या जागेवर जाण्याचें मनांत आणिलें, तेव्हां साहेब आडवे आले. वरिष्ठाच्या संमतीवांचून सरकारी नोकरानें दुसऱ्या खात्यांत जाऊं नये, असें ठरलें. खात्याच्या बाजूनेंही बोलावयास जागा आहे. असा गणिती तयार व्हावयास वर्षें लागतात, आणि तो मध्येंच गेला तर अर्धें राहिलेलें काम कोणाच्या हातीं द्यावें? पण ज्याला सोडवत नाहीं, त्याला त्याच्या कामाच्या तोलाचा हुद्दा तरी द्यावयाचा होता!

१८४३ सालीं देहरादूनचा मॅजिस्ट्रेट व्हॅनसिटार्ट यानें सर्वेक्षण खात्याच्या मजुरांस आपलें सामान वाहण्यासाठीं वेठीस धरलें. राधानाथांनीं तें सामानच अडकवून ठेविलें. सार्वजनिक कामासाठीं नेमिलेला मजूर हा साहेबाचा खाजगी चाकर नव्हे, एवढेंच त्यांचें म्हणणें. खटला झाला, आणि दंड झाला तो राधानाथांस: २०० रुपये. आरंभीच्या पगाराच्या मानानें ही साडेसहा महिन्यांहून अधिक मिळकत होय.

जगांतील सर्वांत उंच शिखर त्यांनींच हुडकिलें, ही कथा आपण आवडीनें सांगतों. ती तशीच्या तशी मान्य करणें मला कठीण वाटतें. १८४९ सालीं ते मुख्य गणक म्हणून कलकत्त्यास आले होते. शिखराचीं निरीक्षणें अनेकांचीं, हिशेब अनेक वर्षांचा आणि दोन कचेऱ्यांचा. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली, आणि शिखरास नांव मिळालें तें माजी सर्व्हेयर-जनरलचें. कोणत्या गणकाचा वांटा किती, हें नोंदविण्याचा परिपाठच नसल्यामुळें आतां तो वाद मिटणें अवघड आहे.

पुस्तकाची गोष्ट मात्र निर्विवाद आहे. १८५१ सालीं स्माइथ व थुलियर यांनीं सर्वेक्षणाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील गणिताचे कठीण भाग राधानाथांचे होते, व प्रस्तावनेंत तसें नमूदही होतें. १८७० सालीं राधानाथ वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तींत मजकूर राहिला, नांव गेलें. पुढल्याच वर्षीं 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रांतून त्याचा कडक निषेध झाला, हेंही सांगितलें पाहिजे.

आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे १८४० सालीं कुलाब्याच्या वेधशाळेंत असेच लागले होते. पण पुढें ते पुण्यास अध्यापक झाले, आणि शिष्यांनीं त्यांचें नांव राखलें. राधानाथ खात्यांतच राहिले.

आतां नियमांची वाण नाहीं. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यानें १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाचें मानधन दरमहा ३७,००० रुपये केलें, घरभाडें निराळें. प्रकल्पावरील नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती. नेमणूकपत्रांत मानधन, मुदत, रजा, सर्व कांहीं असतें. निबंधावर नांव येईल कीं नाहीं याचें कलम मात्र माझ्या पाहण्यांतल्या एकाही नेमणूकपत्रांत आढळलें नाहीं.