पिक्सेल, पॉइंट आणि डीपीआय : छपाईपूर्वी समजून घ्यावयाची मापे

जत्रेची स्मरणिका, मंडळाचा फलक किंवा अर्जासोबत जोडावयाचे छायाचित्र ही कामे लाटंबार्सेसारख्या गावातही आता मोबाइलवरच सुरू होतात. तेथून ती डिचोलीच्या छापखान्यात वा सरकारी संकेतस्थळावर पोहोचतात. पडद्यावर स्वच्छ दिसलेले छायाचित्र कागदावर धूसर उतरते किंवा अर्ज छायाचित्रापायी परत येतो, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. मापांच्या एककांविषयी झालेला गोंधळ त्यामागे असतो.

पिक्सेल : लांबी नसलेले एकक

डिजिटल चित्र हे रंगीत चौकटींचे जाळे असते. त्यातील एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. ४००० × ३००० पिक्सेलच्या चित्रात १ कोटी २० लाख चौकटी असतात, म्हणून ते १२ मेगापिक्सेलचे. पिक्सेलला स्वतःची लांबी नसते. तेच चित्र तिकिटाएवढे छापता येते आणि भिंतीएवढेही.

पीपीआय आणि डीपीआय

एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, किती पिक्सेल बसवायचे ते पीपीआय सांगतो. छपाईयंत्र एका इंचात शाईचे किती ठिपके उमटवते ते डीपीआय सांगतो. व्यवहारात दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरले जातात; छापखान्यातून ‘३०० डीपीआयची फाइल द्या’ असे सांगितले जाते, तेव्हा बहुधा पीपीआयच अभिप्रेत असतो.

३०० हा आकडा डोळ्याच्या मर्यादेतून आला आहे. निरोगी डोळा सुमारे ३० सेंटिमीटरवरून ०.०९ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू शकत नाही. इंचाच्या हिशेबात हे सुमारे ३०० ठिपके होतात. त्यानुसार ए-४ आकाराच्या, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरच्या, पूर्ण पानासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचे मूळ छायाचित्र त्याला पुरते. तेच संदेशसेवेतून आक्रसून १६०० × १२०० पिक्सेलचे झाले, तर ते जेमतेम १३.५ × १० सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ छापले जाते.

फलकाचा हिशेब वेगळा. तो तीन मीटरवरून वाचायचा असेल, तर अंतर दहापट झाल्याने ३० पीपीआय पुरेसा ठरतो. सहा फूट रुंद व चार फूट उंच फलकासाठी २१६० × १४४० पिक्सेल, म्हणजे सुमारे ३१ लाख पिक्सेल, पुरतात. आकाराने कितीतरी मोठा असूनही फलकाला स्मरणिकेच्या एका पानापेक्षा कमी पिक्सेल लागतात.

संगणकावर ७२ हा आकडा पुसून ३०० लिहिल्याने चित्र सुधारत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छापील आकार लहान होतो. पिक्सेलची संख्या वाढवली, तर वाढीव चौकटी संगणक अंदाजाने भरतो. मुळात न टिपलेला तपशील त्यातून परत येत नाही.

किलोबाइट : फाइलचे वजन

सामान्य रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. ३५ × ४५ मिलिमीटरचे छायाचित्र ३०० पीपीआयने ४१३ × ५३१ पिक्सेलचे होते आणि संक्षेपाविना सुमारे ६४० किलोबाइट जागा घेते. जेपेग पद्धतीने ते काही दहा किलोबाइटपर्यंत आणता येते. अर्जात किलोबाइटची मर्यादा आणि पिक्सेलचे माप अशा दोन्ही अटी असतील, तर आधी पिक्सेल जुळवून मग संक्षेप करावा. फाइल हलकी करण्याच्या नादात पिक्सेलच घटवले, तर एक अट पूर्ण होते आणि दुसरी मोडते.

पॉइंट आणि पायका : अक्षरांची मापे

पॉइंट मात्र खरोखरच लांबीचे माप आहे. संगणकीय मुद्रणात ७२ पॉइंट म्हणजे एक इंच आणि १२ पॉइंट म्हणजे एक पायका. त्यामुळे १२ पॉइंट म्हणजे सुमारे ४.२३ मिलिमीटर, परंतु ही अक्षराची उंची नव्हे. पूर्वी अक्षर ज्या धातूच्या खिळ्यावर कोरलेले असे, त्या खिळ्याच्या अंगाची ती उंची होय.

गोव्याला या खिळ्यांचा इतिहास जवळचा आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. तरीही फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागत.

त्याच रचनेचा परिणाम आजही दिसतो. शिरोरेषेवर मात्रा व रफार, खाली उकार यांना जागा ठेवावी लागते, म्हणून एकाच पॉइंटमध्ये देवनागरी अक्षर बहुधा रोमनपेक्षा लहान भासते. इंग्रजी मजकूर ११ पॉइंटमध्ये असेल, तर सोबतचा मराठी मजकूर १३ किंवा १४ पॉइंटमध्ये घेऊन ओळींमधील अंतरही वाढवावे. अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

काम देताना

छपाईचे काम देताना आकार मिलिमीटर, इंच वा फुटांत सांगावा, वाचनाचे अंतर स्पष्ट करावे आणि कॅमेऱ्यातील मूळ फाइल द्यावी. संदेशसेवेतून पाठवायची झाल्यास ती ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे पिक्सेल कायम राहतात. अक्षरांचा आकार मात्र पडद्यावर मोठा करून ठरवू नये. एक पान प्रत्यक्ष मापात छापून, घरातील वडीलधाऱ्यांना ते वाचता येते का, हे पाहावे आणि मगच पुढील छपाईस संमती द्यावी.