गोष्टीतून गळलेलं मूल

कोंडाण्याच्या लेण्यांबद्दल आमच्याकडची जुनी माणसं एकच सांगायची. पांडवांनी ती एका रात्रीत कोरायला घेतली, कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातली ही लेणी इसवी सनापूर्वीची. तिथल्या एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टीत बलक कुठेच नाही. कोणीतरी छिन्नीने लिहून ठेवलं म्हणून दोन हजार वर्षांनी त्याचं नाव आपल्याला कळतं.

पोरं पळवण्याच्या गोष्टींचंही तसंच झालं आहे. त्या आमच्या भागात चिक्कार. तिन्हीसांजेला ओढ्याकडे फिरकू नको, पोतंवाला हाय, हे ऐकतच आम्ही वाढलो. आजीची सगळ्यात भीतीची गोष्ट घाटातल्या रेल्वेची होती. पूल काही केल्या उभा राहीना, साहेबाला दृष्टान्त झाला, मग रात्रीची पोरं उचलून पायात घालायला लागले, असं ती सांगायची. रात्री गाडीचा आवाज आला की आम्ही गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायचो.

पुढे वाचायला लागल्यावर त्या गोष्टीच्या मागचा काळ हाती आला. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ साली बांधायला घेतला आणि १८६३ साली गाडी खंडाळ्याकडे चढली. डोंगर फोडून २५ बोगदे काढले. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस हिने ते काम तडीस नेलं. मजुरांच्या झोपड्यांत पटकी शिरली की माणसं पटापट मरायची. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल खरंच कोसळला. चिणकाम कच्चं होतं. पायात पोरं घातल्याचा पुरावा नाही, पण झोपडीतलं पोर सकाळी दिसेनासं होणं त्या काळात आईबापांनी किती वेळा पाहिलं असेल! ठेकेदाराचं नाव इतिहासात आहे, त्याच्या बायकोचंही आहे. कुणाचं लेकरू कधी गेलं हे सांगणारी वही मला कुठे दिसलेली नाही. तिच्या जागी गोष्ट उरली, आणि तिच्यात राहिला फक्त पोरं नेणारा.

आजीने ही गोष्ट इतक्या जिवाने का सांगितली, हे मला फार उशिरा कळलं. तिचा धाकटा भाऊ बाजाराच्या गर्दीत हरवला होता. मी वर्तमानपत्रासाठी तालुक्याच्या बातम्या लिहायला लागलो, तेव्हा एका दुपारी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

“आजी, त्याच्या अंगावर काय होतं?”

“काय असनार? कंबरेला करगोटा. त्यात भोकाचा पैसा ओवलेला. म्हातारीनं घातलेला. उजव्या भिवईवर खोक, उंबऱ्यावर पडला होता तवाची. हातात चन्यांची पुडी.”

“कुणाला सांगितलंत?”

“पाटलाला. पाटील बोलला, पोतंवाल्यानं नेला असंल. मग काय करनार?”

त्या एका वाक्यावर तिच्या भावाचा शोध थांबला. पोतंवाल्याने नेला म्हटलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. खोक, करगोटा आणि भोकाचा पैसा या खुणा आजीने आयुष्यभर जपल्या. पोलीस ठाण्यातल्या फलकावर वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण अशी जी वर्णनं लागतात, तसंच वर्णन तिच्यापाशी तयार होतं. ते तिच्याकडे कुणी मागितलंच नाही. घरात त्या पोराला सगळे बाळ्या म्हणत. बारशाला ठेवलेलं नाव तिलाही आठवेना.

१९९६ साली कोल्हापूरची गावित मायलेकींची टोळी पकडली गेली, तेव्हा आमच्याकडे महिनाभर दुसरा विषय नव्हता. १९९० पासून त्यांनी १३ मुलं पळवल्याचा आरोप होता. चोरी करताना अंगावर मूल असलं की लोक दया करतात, म्हणून ती मुलं हवी होती. नको झाली की मारून टाकायची. मायचा खटल्याआधी मृत्यू झाला. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत ती जन्मठेपेवर आणली. हे सगळं मोठ्या माणसांना तोंडपाठ आहे. त्या बहिणींची नावं कुणालाही विचारा, घडाघडा सांगतील. त्या मुलांपैकी एकाचं नाव विचारा, समोरचा गप्प होतो. मीही झालो होतो.

नुसती भीती हातात उरली की ती कुणावर तरी कोसळते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मोबाईलवर फिरणारी अफवा एवढंच कारण. ज्या भीतीपायी पाच माणसं मारली, तिच्या मुळाशी हरवलेलं एकही मूल नव्हतं. आजीच्या काळचा पोतंवाला मोबाईलमध्ये शिरला होता.

याच काळात मुंबईत अगदी उलट्या वाटेने जाणारा एक माणूस होता. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले हरवलेल्या मुलांचं काम बघायचे. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याकडे १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. त्यांपैकी १६५ चा छडा लागला. उरली एक, शाळेकडे निघालेली सात वर्षांची. तारीख २२ जानेवारी २०१३. भोसले २०१५ साली निवृत्त झाले, तरी तिचा फोटो त्यांच्या खिशात राहिला आणि चौकशी चालू राहिली. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने त्यांच्या या शोधाची बातमी केली आणि ‘१६६ क्रमांकाची मुलगी’ वाचकांच्या लक्षात राहिली. आरोपी कोण, याचा पत्ता तेव्हा कुणालाच नव्हता. बातमीत होती ती मुलगी आणि तिला शोधणारा एक हवालदिल माणूस.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली, तेव्हा १६ वर्षांची झाली होती. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि ही घरकामाची मोलकरीण झाली. मधली काही वर्षं कर्नाटकात ठेवून तिला पुन्हा मुंबईत आणलं होतं. ती ज्या घरात होती, ते तिच्या आईच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत होतं. तिने आपली हकीकत सोबत काम करणाऱ्या एका बाईला सांगितली. त्या बाईने मोबाईलवर तिचं नाव टाकून शोधलं, तर २०१३ सालचं ‘हरवली आहे’ हे पत्रक समोर आलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा लागला, तो शेजाऱ्याचा होता.

या हकीकतीतली ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. मुलगी घरी पोचली ती कुणीतरी नऊ वर्षांपूर्वी तिचं नाव लिहून ठेवलं होतं म्हणून, आणि एका माणसाने नंबर बदलला नव्हता म्हणून. नोंद ताजी ठेवणं हे शोधाचंच काम असतं. न्यूयॉर्कमध्ये २५ मे १९७९ रोजी शाळेच्या बसकडे निघालेला सहा वर्षांचा इटन पॅट्झ कधीच सापडला नाही. त्याचा फोटो दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापला गेला आणि तो हरवला त्या तारखेला आज हरवलेल्या मुलांचा दिवस पाळतात. तिथले वार्ताहर चाळीस वर्षांनीही ते प्रकरण पुन्हा उघडून बघतात. दर वेळी काही नवं मिळतं असं नाही, पण मूल विसरलं जात नाही.

आमच्या कर्जत-खालापुरात याची खरी गरज कातकरी वाड्यांवर आहे. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत जातात. पोरं सोबतच असतात. जूनमध्ये परत येताना एखादं पोर सोबत नसेल तर विचारणार कोण? शाळेच्या हजेरीपटावर ते नुसतं गैरहजर असतं. एका वाडीवर मी एका बाईला तिच्या मुलाचं वय विचारलं. “लावणीच्या टायमाला झाला, त्या साली पूर आला व्हता,” ती म्हणाली. तिचं उत्तर नेमकं होतं. फक्त ते तक्रारीच्या कागदावर उतरवून घेणारं कुणीतरी लागतं.

२०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातली एक कातकरी मुलगी मरण पावली, आणि त्या भागातली मुलं थोड्या पैशांवर, एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याचं बाहेर आलं. श्रमजीवी संघटनेने आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी लिहिलं, मग गुन्हे नोंदले गेले. तोवर ती मुलं घरी नव्हती, तरी ती हरवली आहेत असं कुठल्याच कागदावर नव्हतं.

कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि दुसरं काही दिसेपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी आहे असंच धरायचं. पाटील म्हणाला तसं आज कुठलं पोलीस ठाणं म्हणू शकत नाही. तरीही वाडीवरून ठाण्यापर्यंत कागद पोचवायला हात लागतो. बऱ्याचदा तो हात तालुक्याच्या वार्ताहराचाच असतो.

म्हणून माझ्यासारख्या तालुक्यात लिहिणाऱ्यांना माझं मनापासून एक मागणं आहे. जुन्या प्रकरणाकडे परत जाल तेव्हा संशयिताच्या वर्णनाने सुरुवात करू नका. आधी मुलाचं पूर्ण नाव लिहा, बारशाचं आणि घरचं, दोन्ही. भुवईवरची खोक विचारा, करगोट्यात काय ओवलं होतं ते विचारा. पत्रकावरचा नंबर लागतो का ते स्वतः फिरवून बघा आणि बंद असेल तर नवा छापा. भट्टीचा हंगाम संपला की शाळेचा हजेरीपट आणि वाडीवरची पोरं ताडून पाहा. हे करायला मोठा शोधपत्रकार लागत नाही. पोतंवाल्याच्या बातमीला वाचक लगेच मिळतो, हे मला ठाऊक आहे. हरवलेल्या मुलाच्या बातमीला तो आपल्याला दर वर्षी त्याच तारखेला नव्याने मिळवावा लागेल, मूल सापडेपर्यंत.