शेवट टांगलेलाच का? ब्रिटिश गुन्हेगारी विनोदपटांची सत्तेचाळीस वर्षे

१/१२
पुलाच्या कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबकळणारा एक तरुण. तोंडात धरलेला मोबाईल वाजतो आहे. त्याला दोन जुन्या बंदुका थेम्स नदीत टाकायच्या आहेत. त्या अतिशय मौल्यवान आहेत हे त्याच्या मित्रांना नुकतेच कळले आहे. तो फोन उचलतो की नाही, हे न सांगताच चित्रपट संपतो. ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’, ऑगस्ट १९९८. दिग्दर्शक गाय रिची.

२/१२
कथेचा धागा साधा आहे. चार मित्र पैसे जमवून पत्त्यांच्या डावात उतरतात. खेळ ‘थ्री-कार्ड ब्रॅग’, म्हणजे आपल्या तीन पत्तीचा पूर्वज मानला जाणारा. डाव लबाडीचा असतो. एका रात्रीत डोक्यावर पाच लाख पौंडांचे कर्ज, आणि फेडायला मुदत फक्त आठवड्याची.

३/१२
पुढे पैसा, गांजा आणि त्या बंदुका एका टोळीकडून दुसरीकडे फिरत राहतात. कोणत्याही टोळीला पूर्ण चित्र ठाऊक नसते. ते ठाऊक असते फक्त प्रेक्षकाला. हसू येते ते या अज्ञानाच्या दरीतून. वेगाचे कामही हेच: पात्रांना विचार करायला वेळ मिळत नाही, आणि आपल्याला न्यायनिवाडा करायला.

४/१२
पण ही रीत रिचीने शोधलेली नाही. तिचे मूळ पाहायचे तर १९५१ मध्ये जावे लागते. महायुद्ध संपून सहा वर्षे झाली होती, तरी ब्रिटनमध्ये मांस आणि साखर शिधापत्रिकेवरच मिळत होती. त्या वर्षी लंडनच्या ईलिंग स्टुडिओने ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ प्रदर्शित केला.

५/१२
नायक कोण? वर्षानुवर्षे सोन्याच्या विटांची ने-आण सांभाळणारा एक निरुपद्रवी कारकून. ही भूमिका अ‍ॅलेक गिनेस यांची. तो सोने चोरतो, वितळवतो आणि आयफेल टॉवरच्या शोभेच्या प्रतिकृतींच्या रूपात देशाबाहेर धाडतो. शिस्तीत आणि टंचाईत पिचलेल्या प्रेक्षकाला हा चोर परका वाटणे शक्यच नव्हते.

६/१२
आता शेवट पाहा. कारकून दक्षिण अमेरिकेत चैनीत बसून आपली कहाणी सांगत असतो. तो उठतो तेव्हा दिसते की ऐकणाऱ्याच्या आणि त्याच्या मनगटांत एकच बेडी आहे! गुन्हेगार सहीसलामत सुटलेला दाखवणे तेव्हाच्या संकेतांत बसत नव्हते. अमेरिकेचा ‘प्रॉडक्शन कोड’ तर याबाबत फारच कडक होता. ईलिंगने नियम पाळला, पण तासभर चोराची बाजू घेऊ दिल्यानंतर.

७/१२
१९५५ च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये पळवाट आणखी चतुर आहे. दरोडेखोर एकमेकांच्या हातून संपतात. लूट उरते त्यांच्या घरमालकीण आजीबाईंकडे, कारण पोलिसांचा तिच्या बोलण्यावर विश्वासच बसत नाही. दोषींना शिक्षा झाली, पण पैसा परत गेला नाही.

८/१२
१९६८ च्या अखेरीस अमेरिकेत तो कोड जाऊन वयोगटानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. १९६९ मध्ये मायकेल केन यांचा ‘द इटालियन जॉब’ आला. तुरीन शहराची वाहतूक ठप्प करून, मिनी कूपर गाड्यांतून सोने पळवले जाते. शेवटी बस कड्यावर अधांतरी: एका टोकाला सोने, दुसऱ्या टोकाला माणसे. ना अटक, ना सुटका. १९९८ चा पूल याच कड्याचा वारस आहे.

९/१२
याच १९६९ च्या मार्चमध्ये पूर्व लंडनवर दहशत बसवणाऱ्या क्रे बंधूंना खुनांसाठी जन्मठेप झाली. हे जुळे भाऊ क्लब चालवत, नामांकित लोकांसोबत मिरवत. डेव्हिड बेली या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्यांची छबी टिपली होती. पडद्यावर गुन्हा लोभस होत होता तेव्हा रस्त्यावर त्याची किंमत माणसे जिवाने मोजत होती.

१०/१२
रिचीच्या चित्रपटाची भाषाही याच पूर्व लंडनची. तिथल्या यमकी बोलीत ‘जिना’ म्हणायचे असेल तर त्याच्याशी यमक जुळणारे ‘सफरचंदे आणि नासपती’ म्हणतात. १८५९ च्या एका कोशात या बोलीची नोंद सापडते. आपल्या दलालांच्या नंदभाषेसारखीच ती बाहेरच्याला चकवते. म्हणूनच एका प्रसंगात इंग्रजी संवादांना इंग्रजीच उपशीर्षके दिली आहेत! पात्रेही तशीच निवडली: फुटबॉलपटू विनी जोन्स, पूर्वी रस्त्यावर किरकोळ माल विकणारा जेसन स्टेथम, उघड्या मुठींनी लढणारा लेनी मॅकलीन. मॅकलीन चित्रपट प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधीच वारला.

११/१२
हा वारसा आपल्यापर्यंतही पोहोचला. २००६ चा ‘फिर हेरा फेरी’ आठवा: फसवणूक, कर्ज, मौल्यवान बंदुका आणि शेवटी पुलावर, तोंडात वाजता फोन धरलेला राजू. कथानकाची ही उसनवारी उघड आहे. मात्र बाबुराव गणपतराव आपटे हा पूर्णपणे इथला. लंडनच्या बंदुका इथे आल्या. धोतर आणि चष्मा आपलाच राहिला.

१२/१२
मग आकर्षण नेमके कशाचे? माझ्या मते, गुन्ह्याचे नव्हे. कारकून असो वा कर्जात बुडालेले चार मित्र, मोठ्या व्यवस्थेपुढे लहान माणसाची बेत आखण्याची हौस आणि तो बेत फसताना उडणारी तारांबळ आपल्याला ओळखीची वाटते. पण हसताना एक भान ठेवावे. क्रे बंधूंचे बळी कुठल्याही विनोदपटात नाहीत. चोराला पकडवले तर प्रेक्षक हिरमुसतो, सोडले तर त्याचा विवेक टोचतो. बस कड्यावर आणि तरुण पुलावर टांगलेला राहतो तो त्यामुळेच. निकाल दिग्दर्शकाने दिलेला नाही. तो आपल्यावर सोपवला आहे.