‘वू’: थांबलेलं शस्त्र की चालतं पाऊल?

चिनी ‘वू’ या अक्षराचा अर्थ युद्ध, शौर्य. त्यात एक शस्त्र दिसतं आणि ‘थांबणं’ असा अर्थ असलेलं चिन्ह. इ.स.पू. ५९७ मध्ये जिन राज्याला हरवल्यावर छू राज्याच्या च्वांग राजाला शत्रूच्या प्रेतांचा ढीग रचून विजयस्मारक करण्याचा सल्ला मिळाला. शस्त्र थांबवणं म्हणजेच ‘वू’, असं म्हणून त्याने तो धुडकावला, असं ‘त्स्वो च्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. पुढे इ.स. १०० च्या सुमारास शू शनने आपल्या कोशात हीच फोड दिली आणि ती रूढ झाली.

फोड सुरेख आहे, पण टिकत नाही. शांग राजवंशाच्या काळातल्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, ते दुसरं चिन्ह चक्क पावलाचं चित्र आहे. ‘थांबणं’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. म्हणजे मुळात शस्त्र घेऊन कूच! अभिजात वाङ्मयही हेच सुचवतं. ‘शृ चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात च्यांग युआन ही पुराणकथेतली स्त्री देवाच्या पाऊलठशावर पाय ठेवते, तिथे ठशाला ‘वू’च म्हटलंय, अर्ध्या पावलाच्या मापालाही हेच नाव. थांबण्यातून हे अर्थ कसे निघतील? मग दोन हजार वर्षं मानलेला अर्थ खोटा का, असं कुणी विचारेल. राजनीती म्हणून तो खराच, मोलाचाही; अक्षराची जन्मकथा म्हणून मात्र नाही. शू शनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण अस्थिलेख अभ्यासकांच्या नजरेत आले तेच १८९९ च्या सुमारास.