एक मिलीग्रॅम सिझियम

गेल्या शनिवारी आमचं रिलीज होतं. रात्री अडीचच्या सुमारास एका मित्राने कॉन्फिग फाईलमधली एक ओळ बदलली आणि दोन दिवस रडवणारं सगळं प्रकरण धडाधड चालायला लागलं. का चाललं, ते कुणालाच सांगता येईना. मॅनेजर म्हणाला, "आता कुणी हात लावू नका रे." घरी आल्यावर झोप लागेना म्हणून वाचत बसलो, तर अगदी अशीच गोष्ट समोर आली. फक्त १९७१ सालची आणि सायबेरियातली.

आधी थोडं मागे जाऊ. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढला की उरतो प्रोटॉन, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. मोठमोठ्या कणत्वरकांना हे प्रोटॉनच हवे असतात. मग हायड्रोजनला उलट एक जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटवून ऋण आयन बनवायचा उद्योग कशाला?

कारण गर्दी! त्वरकाच्या रिंगमध्ये आधीच प्रोटॉन फिरतायत आणि त्याच वाटेवर आणखी भरायचेत. पण जे चुंबक नव्या प्रोटॉनला वळवून आत आणतं, ते आतल्यांनाही तेवढंच वळवून बाहेर काढतं. दादरला विरार फास्टमध्ये एक घुसला की दुसरा बाहेर पडतो, तसं. ऋण आयनाचा भार उलटा, म्हणून त्याच चुंबकात तो उलट बाजूला वळतो आणि दोन्ही प्रवाह एका वाटेवर आणता येतात. तिथे कार्बनचा अतिपातळ पडदा ठेवायचा. पडद्यातून जाताना आयनाचे दोन्ही इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि उरतो प्रोटॉन, थेट गर्दीच्या मधोमध. ही युक्ती साठच्या दशकात नोवोसिबिर्स्कच्या अणुभौतिकी संस्थेत बुडकर आणि दिमोव्ह यांनी करून दाखवली.

आता अडचण अशी, की हा ऋण आयन महानाजूक. हायड्रोजनचा मूळ इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, हा उपरा मात्र ०.७५ मध्येच सुटतो. ज्या तापलेल्या प्लाझ्मात आयन तयार करायचा, तोच प्लाझ्मा त्याला मोडतो. त्यामुळे मोजके मिलीअँपिअर मिळाले तरी लोक खूश असायचे.

त्याच संस्थेत वादिम डुडनिकोव्ह नावाचा तरुण संशोधक या स्रोतावर काम करत होता. जुलै १९७१ मध्ये त्याने डिस्चार्जमध्ये सिझियमचं एक संयुग ठेवून पाहिलं. त्यात सिझियम किती, तर साधारण एक मिलीग्रॅम. ऋण आयनांचा प्रवाह ४.५ वरून १५ मिलीअँपिअरवर गेला! शिवाय आयनांबरोबर जे नको असलेले इलेक्ट्रॉन बाहेर येतात, तेही कमी झाले. पुढे सुधारणा करत ही मंडळी जवळजवळ ०.९ अँपिअरच्या स्पंदांपर्यंत पोचली.

आमच्यासारखं "हात लावू नका" म्हणून ते थांबले नाहीत, हे मला विशेष वाटतं. बेल्चेन्को, दिमोव्ह आणि डुडनिकोव्ह कारणाच्या मागे लागले. आयन प्लाझ्माच्या पोटात नव्हे, तर धातूच्या पृष्ठभागावर तयार होत होते. मॉलिब्डेनममधून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला चारपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. त्यावर सिझियमचा अणुभराहूनही विरळ थर बसला की हा आकडा दोनच्या खाली येतो. मग पृष्ठभागावरून उडणारा हायड्रोजन जाता जाता इलेक्ट्रॉन सहज उचलतो. थर कमी पडला तर फायदा नाही, जास्त झाला तरी नाही.

१९७२ मध्ये सोव्हिएत पद्धतीप्रमाणे शोधाच्या दाखल्यासाठी अर्ज झाला आणि काही वर्षांत कल्पना समुद्रापार पोचली. १९७८ मध्ये फर्मीलॅबच्या बूस्टरमध्ये ऋण आयन भरायला लागले. ब्रिटनच्या आयसिसने डुडनिकोव्हच्या पेनिंग प्रकारचा स्रोत घेतला. सर्न तशी उशिराच वळली. तिथे १९७८ पासून प्रोटॉन देणारा लिनॅक-२ २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२० मध्ये ऋण आयनांचा लिनॅक-४ जोडला गेला. म्हणजे आता एलएचसीतला प्रत्येक प्रोटॉन आधी ऋण आयन असतो. फर्मीलॅबच्या नव्या पिप-२ प्रकल्पातही ऋण आयनच आहेत, आणि त्यात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही हात आहे. (हे वाचून उगाच कॉलर ताठ झाली :-) )

बरं, सिझियम कुणाचं फार लाडकं आहे असंही नाही. २८ अंशांवर वितळतं, पाण्याशी गाठ पडली की भडकतं, आणि उच्च दाबाच्या भागांवर जाऊन बसलं की ठिणग्या पडायला लागतात. त्यामुळे त्याच्याशिवाय जमतं का, हे अनेकांनी पाहिलं. सर्ननेही लिनॅक-४ साठी आधी सिझियमविना स्रोत करून पाहिला होता. प्रवाह पुरेना आणि सोबत निघणारे इलेक्ट्रॉन आवरेनात. शेवटी सिझियमची भट्टी बसवावीच लागली.